कलाबाईचं विरजण

गुरुवारी सकाळी दहाच्या सुमाराला पंपाची टकटक मंदावली, आणि ते सगळ्यांत आधी कलाबाईला कळलं. पडद्यावरचे आकडे नंतर बदलले. कारखाना सांभाळणाऱ्या निशिगंधा मॅडमच्या कपाळाला आठ्या त्याच्याही नंतर पडल्या. कलाबाई तेव्हा मोरीत काचेच्या बाटल्या विसळत होती. तिचा हात थांबला आणि नळ तसाच वाहत राहिला.

टक्. मग बराच वेळ काहीच नाही. मग कुठं एकदा, टक्.

"बाई गं!" ती स्वतःशीच म्हणाली.

आता तुम्ही म्हणाल, एवढासा पंप मंदावला तर या बाईचा जीव जायचं काय कारण? तर ऐका. डोणगावाबाहेर एक बंद पडलेली जिनिंग आहे. तिच्या शेडात तीन वर्षांपूर्वी पुण्याच्या एका कंपनीनं स्टीलच्या टाक्या आणून उभ्या केल्या. गावातलं सोयाबीनचं कुटार तिथं येतं. एरवी हे कुटार ढोरांपुढं टाकायचं, नाहीतर धुऱ्यावर पेटवून द्यायचं, एवढीच त्याची किंमत. इथं ते बारीक करतात, शिजवतात, त्यातली साखर पाण्यात उतरवतात, आणि त्या पाण्यात एक जीवाणू सोडतात. साधासुधा नाही बरं! प्रयोगशाळेत त्याच्या पोटातली मांडणी बदलून त्याला कुटारातली साखर खायला शिकवलेलं. ती खाऊन तो एकच आम्ल तयार करतो, दह्याला आंबटपणा देतं ते. त्या आम्लापासून पुढं कुजणारं प्लास्टिक होतं. जमिनीतलं तेल नको, काही नको.

आणि हा पंप? टाकीत आम्ल फार झालं की जीवाणू त्यातच गुदमरतो, म्हणून पंप आपोआप चुन्याची निवळी सोडत राहतो. जितकं आम्ल तयार होईल तितकी टकटक. टकटक थांबली म्हणजे आतलं काम थांबलं.

त्यातून हा परीक्षेचा तिसरा घाणा. सलग तीन घाणे जमले तर कारखाना इथंच मोठा होणार होता, आणि ते बघायला सोमवारी पुण्याची मंडळी येणार होती. दोन जमले होते. सोमवारपर्यंत हा जमला नाही तर टाक्या ट्रकात चढवून परत न्यायच्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण कलाबाई दचकली ती त्यासाठी नव्हे. घाणा का बिघडला, हे त्या शेडात फक्त तिला माहीत होतं.

कलाबाई अवसरमोल. वय पन्नास. अंगानं काटकुळी, बोलायला तुटक, आणि मानी अशी की शेजारणीकडून कधी काडेपेटीसुद्धा मागितली नाही. आली होती झाडलोटीला. पण पहिल्याच महिन्यात मॅडमच्या ध्यानात आलं, की या बाईनं धुतलेल्या बाटलीत कधीच काही वाढत नाही. मग तिला बियाण्याच्या खोलीत घेतलं. मोठ्या टाकीत जीवाणू सोडण्याआधी तो छोट्या टाकीत वाढवतात, ती ही खोली. पुण्याहून थर्मोकोलच्या पेटीत गोठवलेल्या कुप्या यायच्या. दर घाण्याला नवी कुपी.

"घाबरू नका कलाताई," मॅडम पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या. "दही लावण्यासारखंच आहे. कुपी म्हणजे आपलं विरजण."

झालं. ही बाई चिखलीची, पुण्यात शिकून आलेली, डोक्यानं तल्लख. पण कलाबाईसमोर विरजण हा शब्द काढताना आपण कुठं बोट ठेवतोय, हे तिला बिचारीला काय माहीत!

कलाबाई आठ वर्षांची असतानाची गोष्ट. घरी वाट्यानं पाळलेली एक गाय व्यालेली. तिची माय मंजुळाबाई वाटी घेऊन वरच्या आळीतल्या रामरावाच्या घरी विरजण मागायला गेली, आणि लेक पदराला धरून मागं. रामरावाची माय गीताबाई ओट्यावर उभी राहिली आणि तिनं वरूनच दही सोडलं. अर्धं वाटीत पडलं, अर्धं मातीत. "झाकून ने," गीताबाई म्हणाली, "आन् वाटेनं कोणाले शिवजो नको." मंजुळाबाई एक शब्द बोलली नाही. घरी आली, वाटीच्या कडेचं बोटानं निपटून तिनं दूध विरजलं आणि लेकीला म्हणाली, "कला, आता हे मरू द्याचं नाई. आपलं इरजन आपल्या घरात जितं पाह्यजे. पुन्हा कोनाच्या दारात जानं नाई."

ते विरजण बेचाळीस वर्षं मेलं नाही. मायच्या घरून लेकीच्या घरी आलं, गावातल्या गावात. गाय गेली, पिशवीचं दूध आलं, पण वाटीत चमचाभर मागं ठेवल्याशिवाय कलाबाईनं कधी दही संपवलं नाही. आणि गंमत बघा, त्याच दह्याचा डबा ती रोज कामावर न्यायची आणि रामरावाचा पोरगा ज्ञानेश्वर त्यातलं निम्मं चाटूनपुसून खायचा. वाफेच्या टाकीवर होता तो; घाण्याआधी टाक्या-पाइप वाफेनं निर्जंतुक करायचं काम. तिशीचा, दोन लेकरांचा बाप, आणि तिला काकू म्हणायचा.

तर मे महिन्यात काय झालं, पुण्याहून पेटी घेऊन येणारी जीप दुसरबीडजवळ बंद पडली. दिवसभर उन्हात. पेटीतला सुका बर्फ उडून गेला, कुप्या मेल्या. नवी पेटी येईपर्यंत बारा दिवस शेड बंद. सगळे हात जोडून पुण्याकडं तोंड करून बसलेले. कलाबाई मनात संतापली. हे कसलं जगणं? विरजण दुसऱ्याच्या घरात आणि आपण वाटी घेऊन ओट्याखाली?

पुढचा घाणा झकास लागला, तेव्हा तिनं छोट्या टाकीतलं तळाचं थोडं सरबताच्या स्वच्छ बाटलीत काढलं आणि कोठीत चुन्याच्या पोत्यांमागं ठेवलं. फाटकाबाहेर नेलं नाही. तेवढी अक्कल होती तिला. बदललेला जीवाणू आहे, एक थेंब बाहेर जाता कामा नये, अशी पाटीच होती भिंतीवर. पण त्याच पाटीवर दुसरी ओळ होती: मागच्या घाण्यातलं काही ठेवायचं नाही. ती ओळ तिनं वाचली आणि सोडून दिली. दर सोमवारी बाटलीतलं निम्मं वाफेच्या डब्यात घालून मारायचं, वर उकळून गार केलेलं गुळाचं पाणी घालायचं. पाच महिने. काय फेसाळायची ती बाटली! बघून तिला बरं वाटायचं.

या मंगळवारी कुपी घातली ती कमजोर निघाली. छोट्या टाकीत दुपारपर्यंत पाणी जेमतेम गढूळ. मॅडम कसल्याशा कागदांसाठी बुलढाण्याला गेलेल्या. कुपी शेवटची. कलाबाईनं दोनदा डोकावून पाहिलं, तिसऱ्यांदा कोठीत गेली आणि बाटली आणून टाकीत रिकामी केली. बुडाशी राहिलेल्या चार चमच्यांवर पुन्हा गूळपाणी घातलं. विरजण कमी पडलं की घरात कोणीही जरा जास्त घालतं, त्यात विचारायचं काय? बुधवारी सकाळी टाकी दाट, दुधासारखी. मॅडम खूश. दुपारी सगळं मोठ्या टाकीत गेलं.

आणि आज गुरुवार.

साडेदहाला मॅडमनी टाकीतलं पाणी काढून तपासलं. जीवाणू भरपूर, आम्ल थोडं आणि कुटाराची साखर जशीच्या तशी.

"बाहेरचं काहीतरी घुसलंय," त्या म्हणाल्या. "वाफेची वही आणा."

वही आली, आणि तिच्यासोबत यंत्रानं काढलेली आलेखाची पट्टी. वहीत लिहिलेलं तीस मिनिटं. पट्टीवर सव्वीस.

ज्ञानेश्वरचा चेहरा उतरला. "मॅडम, चार मिनिटं आधी बंद केली मी. कुटाराचा ट्रॅक्टर फाटकात अडकून राह्यला होता, माही गाडी आडवी होती. ते काढाले गेलो. वाटलं, चार मिनिटानं काय होते."

"आणि वहीत तीस लिहिलंस?"

"चुकलो."

मॅडमनी पुण्याला फोन लावला. केबिनचं दार उघडंच होतं, आणि मोरी दारासमोर. फोनमधून साहेबांचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. कलाबाईला सगळं ऐकू गेलं. त्या माणसाकडून लिहून घ्या. आजच्या आज काढा. आणि सगळे पाइप उघडून धुवा.

"पाइप उघडले तर चार दिवस जातील सर," मॅडम म्हणाल्या. "सोमवार हातचा जाईल."

"मग जाऊ दे. घाण आत ठेवून तिसरा घाणा लावणार आहात का?"

फोन ठेवला गेला. ज्ञानेश्वरसमोर कोरा कागद सरकवला गेला. तो खाली मान घालून लिहू लागला, आणि कलाबाई ओल्या हातांनी तिथंच उभी. बाटली विसळून झाली होती, तरी ती विसळत होती.

खरं सांगायचं तर तिच्या मनात त्या घडीला जे आलं ते काही चांगलं नव्हतं. तिला ओटा दिसला. मातीत पडलेलं दही दिसलं. गीताबाईचा नातू आहे हा, तिच्या मनानं तिला सांगितलं. आणि तू काय केलंस? त्यानंच कबूल केलंय. गप राहा. तुझं नाव कोणी घेतलंय का? बाटली रात्रीतून नाल्यात ओत, की मिटलं. एक क्षणभर, अगदी एकच क्षण, तिला गोडही वाटलं ते.

मग तिला स्वतःची शिसारी आली. गीताबाईनं दही वरून टाकलं, तेव्हा हा जन्मलाही नव्हता. आणि हा तर काल दुपारी तिच्याच डब्यात बोट घालून म्हणत होता, "काकू, आज मस्त आंबट झालं बे!" मोठ्या माणसाला बे म्हणतोस का, म्हणून तिनं त्याला चमचा उगारला होता.

केबिनमध्ये पेन थांबलं. "मॅडम, सही कुठं करू?"

कलाबाईनं नळ बंद केला.

"सही नको करू," ती दारातून म्हणाली. "मॅडम, त्याच्यानं काई नाई झालं. माह्यामुळं झालं. माह्यापाशी एक बाटली हाये."

ज्ञानेश्वरनं पेन खाली ठेवलं.

तिनं कोठीतून बाटली आणून टेबलावर ठेवली. मे महिना, चुन्याची पोती, गूळपाणी, मंगळवार, सगळं सांगितलं. एकदा तोंड उघडल्यावर तिनं काही मागं ठेवलं नाही. निशिगंधा मॅडम आधी ऐकत होत्या, मग उभ्या राहिल्या, मग त्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. एरवी शेडात स्वच्छ पुणेरी बोलणारी ती बाई, रागात थेट माहेरी पोचली.

"काऊन केलं वो कलाताई असं? काऊन? इतक्या दिवसांत मले एका शब्दानं इचारलं नाई?"

"कोनापुढं वाटी धरा लागू नये म्हनून."

"कसली वाटी?"

ज्ञानेश्वर समोर होता. ती गोष्ट सांगायची जागा ही नव्हे, हे कलाबाईला कळत होतं.

मॅडम खाली बसल्या. बाटली उजेडात धरली. बोलल्या तेव्हा राग होताच, पण समजावून सांगायची खोड कुठं जाते? "ऐका. या जीवाणूला आपण शिकवलंय कुटाराची साखर खायला. ते शिकवलेलं ओझं असतं त्याला. कुटारात टाकला तर ते सांभाळतो, कारण नाहीतर उपाशी मरेल. तुम्ही त्याला गूळ दिलात. गुळाला शिक्षण लागत नाही. ज्यानं ओझं टाकलं तो हलका झाला, भराभर वाढला. पाच महिन्यांत या बाटलीत सगळे तेच उरले. हे मेलेलं नाही कलाताई, चांगलं जिवंत आहे. पण हे आता आपलं विरजण नाही. तुम्ही मंगळवारी ते टाकलंत, त्यांनी टाकीतली थोडीशी सोपी साखर खाल्ली, चांगल्यांना वाढू दिलं नाही आणि आता बसलेत."

कलाबाईला लागलं ते इथं. जिवंत आहे, पण आपलं नाही. लाडानं पोसून आपणच बिघडवलं.

"म्हणजे पाइपात घाण नाई?" ज्ञानेश्वरनं हळूच विचारलं.

मॅडमनी मान वर केली. त्यांच्या डोक्यात हिशेब सुरू झालेला दिसत होता. "नाही. पाइप उघडायची गरज नाही. टाकी वाफेनं मारायची, रिकामी करायची, नवं पाणी भरायचं. आज दुपारी बी लागलं, तर उद्या मोठ्या टाकीत, रविवारी घाणा तयार."

"पन कुपी?" कलाबाई म्हणाली. "ते तं शेवटची होती."

निशिगंधा मॅडमनी तिच्याकडं असं पाहिलं की कलाबाईला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"मेहकरला जनावरांचे डॉक्टर आहेत ना, त्यांच्याकडं नायट्रोजनचा डबा असतो, वळूच्या रेताच्या नळ्या ठेवायला. त्यात आपल्या दोन कुप्या आहेत. जीप बंद पडली त्याच्या पुढच्याच महिन्यात ठेवल्या मी. आपलं विरजण जितं ठेवायची काळजी मलाही होती हो. पण ते गोठवून ठेवायचं असतं, गुळावर पोसायचं नसतं." त्या थांबल्या. "एकदा विचारायचं तरी."

कलाबाईच्या डोळ्यांतून टचकन पाणी आलं. पन्नास वर्षांत चारचौघांत रडली नव्हती ती.

मॅडमनी तिला रडू दिलं, पण सोडलं नाही. "ही बाटली तुमच्या हातानं मारा. माझ्यासमोर. आणि मला हे सगळं पुण्याला लिहावं लागेल. बियाण्याच्या खोलीत तुम्ही आता यायचं नाही."

"हाव," कलाबाई म्हणाली.

तिनं बाटली वाफेच्या डब्यात ठेवली, झाकण आवळलं, तापवायचं बटण दाबलं. तीस मिनिटं. चार मिनिटं आधी नाही, एक मिनिट आधी नाही. ती घड्याळासमोर उभी राहिली. मायनं सांगितलं होतं, मरू द्यायचं नाही. आणि तिनं स्वतःच्या हातानं मारलं. बाहेर काढलं तेव्हा पाणी तपकिरी होऊन बसलं होतं. तिनं बाटली धुतली. धुतलेल्या बाटल्यांच्या रांगेत ठेवली.

मग ज्ञानेश्वरच्या गाडीवर मागं बसून मेहकर. रिकामी पेटी मांडीवर. कुपी आणताना पेटी हातात धरायला माणूस लागतोच, आणि मॅडम म्हणाल्या, "तुम्हीच जा. आणायला काही हरकत नाही." निम्मा रस्ता मागं पडला.

"काकू," तो वाऱ्यावर ओरडून म्हणाला, "मी तं कबूल बी केलं होतं. तुम्ही बोलल्या नसत्या तं कोनाले काय समजलं असतं?"

"मले समजलं असतं ना. रोज तुह्या तोंडाकडं पाहून दही वाढा लागलं असतं."

"बाटली लपवून पाच महिने वाढतच होत्या ना!"

"समोर पाहून गाडी चालव," ती म्हणाली.

डॉक्टरांच्या दवाखान्यात एक गाय बांधलेली, तिचं नाक पुसत म्हातारे डॉक्टर उभे. ज्ञानेश्वर गाडीपाशी थांबला. कलाबाई पायरीखाली उभी राहिली. बेचाळीस वर्षांनी, पेटी हातात घेऊन, दुसऱ्याच्या दारात.

"बोला बाई," डॉक्टर म्हणाले.

"मॅडमनी पाठवलं," ती म्हणाली. "इरजन न्याले आली."

डॉक्टर हसले. हात धुतले, आत गेले, डब्याचं झाकण काढलं तसा पांढरा धूर जमिनीवर पसरला. चिमट्यानं कुपी काढून त्यांनी बर्फाच्या भांड्यात घातली आणि ते भांडं घेऊन पायऱ्या उतरून खाली आले. तिच्या समोर उभं राहून, दोन्ही हातांनी ते तिच्या पेटीत ठेवलं. "नीट धरा. जोरात हलवू नका. आणि दुसरी आहेच इथं, लागली तर निःसंकोच या." कलाबाईनं मान हलवली. येताना तिनं पेटी छातीशी अशी धरली होती की ज्ञानेश्वरनं एक खड्डा चुकवायला गाडी पार शेतात घातली.

दुपारी तीनला बी लागलं. कलाबाई आत गेली नाही. दुसऱ्या दिवशी मोठी टाकी भरली, तेव्हाही नाही. तिला आता कुटाराच्या ढिगावर काम होतं. खडे वेचायचे, ओलं कुटार बाजूला काढायचं. कटर धडधडत असायचा, तोंडावर फडकं, डोळ्यांत भुसा. ढिगावरच्या बायकांनी विचारलं, काय झालं, काऊन काढलं? तिनं सांगितलं, चुकी झाली. पुण्याहून अजून काही उत्तर नव्हतं. ज्ञानेश्वरला ताकीद मिळाली होती आणि तो नोकरीवर होता.

शनिवारी सकाळी ती सातलाच आली. पंप सुरू व्हायचा तर आज. झाला नाही तर संपलंच सगळं. कटरच्या आवाजात तिला आतलं काहीच ऐकू येईना. नऊ वाजले. दहा वाजले. दोनदा ती उठली आणि दोनदा बसली. शेवटी फडकं सोडलं, पदर झटकला आणि बियाण्याच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. उंबऱ्याच्या बाहेर.

"मॅडम," ती म्हणाली. "एक इचारू का?"

निशिगंधा मॅडमनी पडद्यावरून नजर काढली. दोन रात्री झोप नसलेला चेहरा.

"लागलं का वो?"

मॅडम उठल्या, आणि भिंतीवरचा मोठा पंखा बंद केला. मग खिडकीतून बाहेर ओरडून कटर थांबवायला सांगितलं. शेडात शांतता झाली.

टक्. टक्. टक्टक्. टक्.

कलाबाईनं डोळे मिटून ऐकलं. बराच वेळ ऐकलं. मग आणखी एक प्रश्न तिच्या तोंडून आला, जो विचारायचा असं तिनं ठरवलं नव्हतं. "आन् माह्यं काय? मले आत घेसान का कधी?"

"पुण्याचं उत्तर सकाळी आलं," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी नकारार्थी मान हलवली. "नाही, कलाताई. आतलं काम नाही. कुटारावर राहता येईल."

"हाव," कलाबाई म्हणाली. "इचारून घेतलं."

ती थोडा वेळ आणखी उभी राहिली, कारण कटर अजून बंद होता आणि आवाज नीट येत होता. मग तोंडाला फडकं बांधून कुटाराकडं गेली.